पॅडमधलं भोक

सुनंदाताई भिंगाखाली सर्किट बोर्ड धरून वितळलेलं सोल्डर भरत होत्या. चकचकीत थेंब पॅडवर, म्हणजे चिपचा पाय जोडायच्या तांब्याच्या ठिपक्यावर, टेकायचा, क्षणभर थांबायचा आणि मधल्या बारीक भोकातून खाली निघून जायचा. चिपचा पाय वर तसाच अधांतरी.

ते भोक माझं. या सहा थरांच्या बोर्डाचं डिझाइन मीच केलं. वीज नेणारी वरची तांब्याची रेघ आतल्या थरात उतरवायला कुठे जागा मिळेना, म्हणून भोक सरळ पॅडच्या मधोमध ठेवलं, आणि ते बुजवून घ्या एवढं कारखान्याला पाठवलेल्या फाइलमध्ये लिहायचं राहिलं. स्क्रीनवर ते एका क्लिकमध्ये सरकलं असतं. आता सगळे बोर्ड बनून आलेत. तांब्यातलं भोक सरकत नाही.

माणसांच्या बाबतीतही मी असंच करत आले असेन का? समोरच्यानं जिथं टेकायचं, नेमकं तिथंच भोक.

"ताई, मी काही करू?"

"तुमचं काम तुम्ही केलंत की, मॅडम."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांनी पुढचा बोर्ड घेतला. थेंब टेकला, चमकला, आणि हा तरी थांबेल म्हणून मी बघत राहिले.