आईची खिडकी आणि वडिलांचा हवापालट

घाटावरची मंडळी हवा खायला आमच्या समुद्रावर येत, आणि आम्ही रत्नागिरीचे लोक हवा खायला घाटावर गेलो. ही अक्कल माझ्या वडिलांची. ते कचेरीत अव्वल कारकून होते. साहेबापुढे दिवसभर वाकून पाठीला आलेला बाक संध्याकाळी उंबरा ओलांडला की सरळ होई, आणि मग घरात आम्हाला साहेब बघायला मिळे. उन्हाळ्यात साहेबलोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, म्हणून आपणही जायचं, असं त्यांनी एक दिवस जाहीर केलं. तेही कधी, तर आमचं नवं घर अर्धं उभं असताना.

त्या घराची वाट आईने लग्न झाल्यापासून पाहिली होती. तोवर आम्ही भाड्याच्या बिऱ्हाडात राहत होतो. तिथलं स्वयंपाकघर म्हणजे मागच्या पडवीला आडोसा करून काढलेला अंधारा कोपरा. खिडकी नाही, धुराला वाट नाही. आईचे डोळे बारा महिने लाल असत. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला औषध दिलं आणि धुरात बसू नका म्हणून बजावलं. वडिलांनी गंभीरपणे मान डोलावली, आणि घरी आल्या आल्या घावन करायला सांगितले.

नव्या घरात आईने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती: चुलीजवळ खिडकी. तिचा भाऊ, माझा मामा, आगबोटीवर सारंग होता. त्याने रंगूनहून अस्सल सागवानाची खिडकी आणून दिली. तिच्या चौकटीवर वेलबुट्टी कोरलेली होती आणि गज लाकडाचेच, कातीव. "ही ताईच्या चुलीजवळ लावायची," असं तो वडिलांच्या तोंडावर सांगून गेला. वडील "हो तर, हो तर" म्हणाले. कुणालाही, कशालाही हो म्हणण्याची त्यांना कचेरीत सवय लागली होती.

आमच्याकडे बांधकामात चौकट उभी केली की घरच्या बाईला बोलावतात. तिने चौकटीला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. एकदा हे झालं की ती चौकट तिथली झाली. मग तिला कुणी हलवत नाही. चिऱ्याचे थर कमरेएवढे आले तेव्हा गवंड्याने मागच्या भिंतीवर ती खिडकी उभी केली आणि आईला हाक मारली. आईने चारी बाजूंना कुंकू लावलं. धुराशिवाय तिच्या डोळ्यांना पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन.

त्यानंतर आई रोज दुपारी गवंड्यांना गूळ-पाणी घेऊन जायची, आणि ते पाणी पिईपर्यंत खिडकीशी उभी राहायची. तिथून मिरकरवाड्याच्या बंदरातली शिडं दिसत. हे असं काही दिवस चाललं आणि वडिलांना अचानक आईच्या डोळ्यांची दया आली. "तुझ्या डोळ्यांना थंड हवा हवी. पन्हाळ्याला जाऊ. धुळीत कशाला राहायचं? घराकडे बघायला गवंडी आहे की."

आईला इतकं नवल वाटलं की ती भाबडी खूश झाली. आपल्या डोळ्यांकडे या माणसाचं लक्ष आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मोटारीने आंबा घाट चढताना आम्ही सगळे ओकलो. वडीलही ओकले, पण रुमाल तोंडाशी धरून, साहेबासारखे. पन्हाळ्याला दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यांतली आतली खोली आमच्या जुन्या बिऱ्हाडापेक्षाही काळोखी, आणि चूल तिच्यात. तिथे आईचा हवापालट झाला. वडील वैशाखात गळपट्टा गुंडाळून, हातात छडी घेऊन फिरायला जात, आणि परत येताना कुणीतरी मामलेदाराचा भाचा नाहीतर वकिलाचा मेहुणा जेवायला घेऊन येत. "आमच्या मंडळींच्या हातची आमटी खाऊन बघा," असं म्हणत. मंडळी आत फुंकणी फुंकत असायची.

तरीही आई तिथे सुखात होती, हे मला सांगायलाच हवं. संध्याकाळी ती घरमालकिणीबरोबर पायरीवर बसे आणि आमच्या खिडकीचं वर्णन करी. वेलबुट्टी कशी आहे, गज कसे आहेत, भाकरी थापता थापता शिडं कशी दिसतील. त्या बाईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिला ती खिडकी तोंडपाठ झाली. आई इतकी बडबडी आहे हे मला पन्हाळ्याला कळलं.

मृगाच्या आधी आम्ही परतलो. घरावर कौलं चढली होती. आई पायही न धुता थेट मागे गेली. मागच्या भिंतीत खिडकी नव्हती. चिऱ्यावर चिरा, सलग भिंत. आईने तिच्यावरून हात फिरवला, जणू खिडकी आत कुठेतरी राहिली असेल.

खिडकी पुढच्या दिवाणखान्यात होती. रस्त्यावरून दिसेल अशी, तिला हिरवा तेली रंग फासलेला. खालच्या पट्टीच्या कोरीव कामात ब्रश पोचला नव्हता. तिथे कुंकू तसंच होतं.

"गवंड्यांनी घोटाळा केला वाटतं," वडील म्हणाले. "अडाणी लोक. आता काय करणार?"

गवंडी ओटीवरच होता. तो कामाचा माणूस, त्याला बोलणं फिरवता येत नव्हतं. "वयनी, माझा काय ओ? पूजलेली चौकट मी कशाला काढू? तुमी घाटावर जायच्या आदीच मालकांनी सांगून ठेवलानी हुता. मंडळी गेली की काढ आनि फुडं बसव म्हनून."

वडील कौलांकडे बघायला लागले. कौलं चांगली बसली आहेत, असं काहीसं म्हणाले. आमचा सगळा हवापालट कशासाठी होता, हे मला त्या क्षणी कळलं. आईसमोर तिची चौकट उपटायची छाती नव्हती, म्हणून या गृहस्थाने आईलाच उचलून डोंगरावर नेऊन ठेवलं होतं. इतका भित्रा माणूस मी पुढे पाहिला नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी दिवाणखान्यात जाजम अंथरलं, खुर्च्या मांडल्या, कचेरीतले लोक आले, खुद्द मामलेदारही आले. नव्या चुलीवर दूध उतू घालवायची वेळ झाली तेव्हा आई चिऱ्याचे तीन तुकडे आणि शेणी घेऊन बाहेर आली. जाजम गुंडाळून बाजूला सारलं आणि त्या हिरव्या खिडकीखाली तिने चूल मांडली.

"वहिनी, चूल आत," भटजी हळूच म्हणाले.

"जिथे माझी चौकट, तिथे माझी चूल," आई म्हणाली आणि तिने पेटवलं.

दूध उतू गेलं. धूर निम्मा खिडकीतून गेला आणि निम्मा मामलेदारांच्या डोळ्यांत. वडील हसत हसत म्हणाले, आमच्या घराण्यात अशीच चाल आहे. खोटं बोलताना त्यांची जीभ कधी अडखळत नसे. त्यांना वाटलं एक दिवसाचं नाटक आहे. दुसऱ्या दिवशी आईने तिथेच भात टाकला. तिसऱ्या दिवशी बांगडे भाजले. हिरवा रंग काळा झाला, खुर्च्यांना वास लागला, भेटायला येणारे ओटीवरूनच परत जाऊ लागले. आठवडाही झाला नाही तोच वडिलांनी स्वतः जाऊन गवंड्याला आणलं.

चौकट पुन्हा मागच्या भिंतीत गेली. ती बसेपर्यंत आई समोर पाट टाकून बसून होती. जेवायलासुद्धा उठली नाही. पुढे वडील सगळ्यांना सांगत, "स्वयंपाकघराला खिडकी पाहिजेच. मी घाटावर बघून आलो."

आई जिंकली, असं मी बरीच वर्षं मानत होते. पण त्यानंतर तिने त्या घराबाहेर एक रात्र काढली नाही. माहेरी राहायला गेली नाही. मामा आजारी पडला तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली. माझ्या मुलीच्या बारशाला मी गाडी पाठवली, ती रिकामी परत आली. मीच मग बाळाला घेऊन तिच्याकडे गेले आणि रागावून विचारलं, का आली नाहीस?

आई चुलीजवळ बसली होती. खिडकीतून तिच्या हातावर ऊन पडलं होतं.

"मी आले असते गं," ती म्हणाली, "आणि मागे कुणी काढली असती तर?"

वडील जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. घरात ती एकटीच राहत होती.