कोल्टन टॅकेटचे नऊ दिवस

केंटकीच्या डोंगरात, खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेल्या कोल्टन टॅकेटच्या उजव्या हाताची महती त्याच्याआधी गावाला कळली होती. सतराव्या वर्षीच तो ताशी सत्त्याण्णव मैलांनी चेंडू फेकायचा. त्याला बघायला मोठमोठ्या बेसबॉल संघांची माणसं तो वळणावळणाचा रस्ता चढून यायची, आणि त्याचा बाप व्हर्जिल त्यांना अंगणातल्या खुर्च्या पुसून द्यायचा. व्हर्जिल खाणीतली यंत्रं दुरुस्त करायचा. बोलणं बेताचंच. पण पाळी संपली की उकिडवा बसून पोराचे चेंडू झेलायचा. एकदा बोट मोडलं, तर दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून परत बसला.

अठराव्या वर्षी एका मोठ्या संघानं कोल्टनला उचललं आणि आपल्या खालच्या संघांत धाडलं. लहान गावं, बसचे न संपणारे प्रवास. दुसऱ्याच वर्षी कोपर गेलं. शस्त्रक्रिया झाली, चौदा महिने वाया गेले. हात बरा झाला, वेगही परत आला. आला नाही तो नेम.

चोविसाव्या वर्षी तो आयोवातल्या एका गावात हेरन्स नावाच्या अशाच एका खालच्या संघात होता. राहायला मार्लिस व्होगेल या विधवा बाईंच्या घरी. शाळेच्या स्वयंपाकघरात उभी हयात घालवलेल्या मार्लिसबाई दरवर्षी एका खेळाडूला खोली द्यायच्या आणि स्वतःच्या पोरासारखं रागवायच्या.

जुलैतला रविवार होता. भर दुपारच्या सामन्यात सातव्या डावात कोल्टनच्या हाती चेंडू दिला. पहिल्या फलंदाजाला त्यानं चार चेंडू बाहेर टाकले, तो फुकटात पुढे गेला. दुसराही तसाच. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर विल्किन धावत आला, हातमोजा तोंडापुढे धरून म्हणाला, "माझ्या मागच्या रांगेतल्या म्हातारीनं तुझं काय घोडं मारलंय रे? सगळे तिच्याकडेच!"

कोल्टन कसानुसा हसला.

तिसऱ्या फलंदाजाच्या गालावरच चेंडू बसला. हाड मोडल्याचा आवाज वरच्या रांगांपर्यंत गेला. तो जागीच पडला.

सोमवारी सकाळी कोच प्रुइटनी त्याला खोलीत बोलावलं.

"दार लाव. बस, बाळा."

"कोच, त्याचा जबडा कसा आहे?"

"दोन ठिकाणी मोडलाय. बरा होईल." प्रुइट टोपी काढून टेबलाकडे बघत राहिले. "वरून फोन आला होता. तुला मोकळं करतायत."

"मी हात खाली आणून टाकून बघतो. आडव्या हातानं. पंधरा दिवस द्या फक्त."

"मे महिन्यात बघितलं ना आपण? मीही त्यांच्याकडे पंधरा दिवस मागितले. नाही म्हणाले." त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. "आणि खरं सांगू? काल तो पडला तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुला चेंडूचीच भीती बसलीय, कोल्टन."

ते खरं होतं.

तो सामान भरत होता तेव्हा कपडे बदलायच्या खोलीतली सगळी पोरं बुटांच्या नाड्या बांधण्यात गढून गेली होती, जणू त्याच्याकडे बघितलं तर आपल्यालाही त्याचं दुर्दैव चिकटेल. एकट्या विल्किननं पिशवी गाडीपर्यंत नेली. मिठी मारून तो आपल्या मातृभाषेत, स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला. अर्थ विचारायचं कोल्टनला धाडस झालं नाही.

व्हर्जिल रोज पाळीवर जाण्याआधी फोन करायचा. त्या दिवशीही केला.

"हात कसा आहे?"

"बरा आहे बाबा."

"खेळवतायत?"

"बघू. आज बहुतेक बाकावरच."

जीभ रेटलीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तो मार्लिसबाईंचं कुंपण रंगवत राहिला आणि बापाशी खोटं बोलत राहिला. नवव्या दिवशी बाईंनी हातातला झारा ओट्यावर आपटला.

"खोली सप्टेंबरपर्यंत तुझीच आहे. पण माझ्या घरात उभं राहून बापाला फसवायचं नाही. तू सांगतोस की मी सांगू?"

त्यानं फोन लावला.

"बाबा, मला काढलं."

व्हर्जिल म्हणाला, "ठाऊक आहे. सोमवारीच कळलं. फोनवर तुमच्या गावचा रेडिओ लावतो मी, सामना सुरू व्हायच्या आधी त्यावर सांगितलं."

"मग रोज हात कसा आहे म्हणून का विचारत होतात?"

"दुसरं काय विचारायचं ते मला सुचलं नाही रे."

कोल्टन तिथंच फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला. बापानं फोन ठेवला नाही. "मी येतो न्यायला," तो म्हणाला.

"माझ्याकडे गाडी आहे, बाबा."

"असू दे."

अकरा तास गाडी हाकत व्हर्जिल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मार्लिसबाईंनी वाढलेलं जेवला. मग म्हणाला, "मैदान दाखवशील?" सहा वर्षांत खाणीच्या पाळ्यांतून त्याला एकदाही पोराचा सामना बघायला जमलं नव्हतं.

संघ परगावी होता. गवत कापणाऱ्या माणसानं फाटक उघडलं.

"तू कुठं उभा राहायचास?"

कोल्टननं बोट दाखवलं. व्हर्जिल पहिल्या रांगेत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून, रिकाम्या मैदानाकडे बघत. अर्धा तास बसला असेल. कोल्टन शेजारी होता.

परतीच्या वाटेवर दोन गाड्या मागेपुढे चालल्या. शरद ऋतूत कोल्टन विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीत लागला. अजून तिथंच आहे. काम चोख करतो, असं लोक म्हणतात. खेळाचा विषय निघाला की उठून बाहेर जातो.