तीन सुपडू आणि एक माग

एका नावाची दोन माणसं एका छपराखाली आली तर थोडा घोळ होतो, एवढंच. तिसरा आला की मात्र किस्से व्हायला लागतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. मागाखाली धाग्यांची गुंतवळ साचते, तसे ते आपले साचत जातात. एक दिवस वाकून बघावं तर हा ढीग!

नव्वद सालानंतरची आठ-नऊ वर्षं मी सुरतेत, लिंबायतच्या एका लूमच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. माझं नाव सुपडू.

हे नाव आमच्या खानदेशाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिला पुढचं लेकरू झालं की त्याला सुपात घालून दाराबाहेर ठेवतात. शेजारीण येते, "कोणी टाकलं हे?" म्हणत उचलते. मग आई मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून ते परत घेते. मरणाला वाटावं, हे टाकलेलं पोर आहे, ह्याला कशाला न्यायचं! माझ्या आधीची तीन गेली होती. मी राहिलो.

*

मी लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी एक पन्नाशीचा माणूस कामाला आला. पारोळ्याकडचा, म्हणजे माझ्याच तालुक्यातला. पांढऱ्या मिशा, हातात कापडी पिशवी. शेठने नाव विचारलं.

"सुपडू."

शेठ गुजराती. हसायलाच लागला. "सूपडुं? ए तो अनाज झाटकवानुं!" गुजरातीत सुपाला सूपडुंच म्हणतात, झाटकणं म्हणजे पाखडणं. सगळे कारीगर हसले. मीही हसलो, कारण आजवर माझ्यावर हसत होते, आता दुसरा मिळाला होता!

तो माणूस हसला नाही, रागावलाही नाही. शांतपणे म्हणाला, "हाव शेठ. पाच जणांना झाटकलं. चार उडी ग्यात. मी दाणा राहिलो."

शेठचं हसू तिथंच थांबलं. त्याने पिशवी ठेवायला जागा दाखवली आणि स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला. त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायला लागलो.

*

निवडणुकीची फोटोवाली ओळखपत्रं नवीन आली तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघंही रांगेत उभे राहून फोटो काढून आलो. माझं कार्ड बरोबर आलं. आप्पांच्या कार्डावर नाव छापलं होतं, 'सुपारी'!

मी म्हणालो, "आप्पा, चला, दुरुस्त करून आणू."

आप्पांनी कार्ड लांब धरून दोनदा वाचलं. खिशात ठेवलं. म्हणाले, "राहू दे रे. देवम्होरे मांडतस ती बी!"

*

तिसरी सुपडाबाई. गोडादऱ्याला तिची खानावळ होती, आम्ही वीस-बावीस जण तिच्याकडे जेवायचो. बुलढाण्याकडची, नवरा बांधकामावरून पडून गेलेला. तिचं खरं नाव कळलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "चला, बहीण सापडनी!" ती त्यांना खरोखरच राखी बांधायची.

प्लेगचं साल आलं. सुरत चार दिवसांत रिकामी झाली. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाली. आप्पा तेव्हा आधीच शेताच्या कामाला गावी गेलेले होते. माझ्या खोलीतल्या पाचही जणांनी गाठोडी बांधली, आणि नेमका त्याच सकाळी मला ताप भरला.

त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही दाराबाहेरूनच बोललो असतो. "सुपडूभाऊ, बरं वाटलं की ये मागून," असं म्हणून ते गेले. सगळी चाळ सुनसान. बाहेर कुत्रंसुद्धा दिसेना.

दुपारी दार ढकलून सुपडाबाई आत आली. हातात मुगाच्या खिचडीचा डबा. तोंडाला रुमाल नाही, पदर नाही.

मी ओरडलो, "बाई, लांब राहा! काय माहीत मला काय झालंय!"

तिने माझ्या कपाळावर सरळ हात ठेवला. "मले जन्मल्या दिवशीच टाकून देलं होतं, भाऊ. तवा नाही नेलं त्यानं. आता काय नेते!"

सहा दिवस ती दोन वेळा येत राहिली. दवाखान्यातही तिनेच हाताला धरून नेलं. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मात्र ती बाकावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. भीती वाटत होती तिलाही!

*

आता मागाचं. शेठने भंगारात दोन मोडके माग घेतले होते. त्यांचे भाग काढून मी एक माग उभा केला. तो सारखा मरायचा आणि सारखा उठायचा. तीनदा शेठ तो विकायला निघाला, तीनदा तो आदल्या दिवशी चालू झाला. कारीगरांनी त्याचं नाव पाडलं, सुपडू! कुणीतरी खडूने वर लिहूनही टाकलं.

एक दिवस मी त्याच मागाखाली आडवा होतो. हात दातेरी चाकांत. मुकादम तेवढा आप्पांना हजेरीतल्या नावानेच हाक मारायचा. मागाजवळून जाता जाता तो ओरडला, "सुपडू, चालू कर!" म्हणजे आप्पांनी आपला माग चालू करावा. मागाजवळ उभा असलेला कारीगर नवा होता. त्याला वाटलं, हाच माग. त्याने बटणाकडे हात नेला.

आप्पांनी ते लांबून पाहिलं. ओरडून ऐकू जाणार नाही इतका खडखडाट. ते धावले आणि त्या माणसाला खांद्याने उडवून दिलं. तोवर बटण अर्धवट दाबलं गेलं होतं. माग एक झटका देऊन थांबला. माझ्या करंगळीचं नख गेलं. हात राहिला.

शेठने स्वतः फडकं घेऊन मागावरचं नाव पुसलं. मुकादमाला सक्त ताकीद दिली की आजपासून माग फक्त नंबराने ओळखायचा. कारखान्यात तेव्हापासून आम्हीही 'जॉबर' आणि 'आप्पा' एवढेच उरलो.

*

आणि ही शेवटची.

एका सकाळी कारखान्याच्या पत्त्यावर तार आली. 'सुपडू, आई सिरीयस, लवकर निघ.' आडनाव नाही, गाव नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. तार पारोळ्याहून केलेली. तालुका आमचा दोघांचा एकच. दोघांचीही आई गावी.

आम्ही दोघंही निघालो. भुसावळची पॅसेंजर पकडली, समोरासमोर बसलो. बारडोली गेलं, व्यारा गेलं. मी डोळे मिटून म्हणत होतो, "देवा, माझी नको." आणि माझी नको म्हणजे कुणाची, ते समोरच बसलं होतं. आप्पांचेही डोळे मिटलेले, ओठ हलत होते. नंदुरबार आलं तरी हलतच होते.

दोंडाईचा सुटल्यावर त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून भाकरी काढली, मोडून अर्धी माझ्या हातात दिली.

"खाई ले. अमळनेरनंतर दोन्हीसमाईन एकले घास उतराव नही."

त्यांनी स्वतः खाल्ली नाही.

अमळनेरला फलाटावर आप्पांचा पुतण्या उभा होता. त्याला बघून आप्पांनी माझा हात घट्ट दाबला, आणि सोडला. "तू घर जाय. मायले भेट."

मी घरी गेलो तर आई अंगणात गवऱ्या थापत होती. शेणाचे हात तसेच वर धरून म्हणाली, "अरे, सण नाही वार नाही, आज कसा आला?"

मी म्हणालो, "सहज."

आप्पा पंधरा दिवसांनी कामावर आले. डोक्याचे केस काढलेले. तोवर मला झोप नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बाहेर नेलं आणि सांगून टाकलं. "आप्पा, गाडीत मी देवाला म्हणत होतो, माझी नको. म्हणजे तुमची..."

आप्पांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं.

"मी बी तेच मांगत व्हतू," ते म्हणाले. "दोंडाईचापर्यंत."

आणि आपल्या मागाकडे गेले.