डावीकडून वर, उजवीकडून खाली

आमचे हे पोस्टमन होते. "होते" म्हटलं की त्यांना राग येतो. पण टपाल खात्याने टोपी, गणवेश आणि खाकी पिशवी परत घेतल्याला आता बरेच महिने झाले, मग मी दुसरं काय म्हणू?

निवृत्त नवरा घरात बसला की काय होतं, ते ज्यांचे बसलेत त्यांना सांगायला नको. आधी यांनी माझी दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली. मग बटणं लावली. माझं शिवणकाम घरातच चालतं. पुढच्या खोलीत एक मशीन, एक आरसा आणि कपडे घालून बघायला एक पडदा. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की कंबर सैल करायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा हा धंदा. यांनी मदतीला सुरुवात केल्यापासून मला माझी स्वतःची कात्री सापडेना. शेवटी मी म्हणाले, "अहो, जरा बाहेर फिरून या." ते गेले आणि गेल्या पावली परत आले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच.

झालं काय, ते काढून घ्यायला मला बरीच खटपट करावी लागली, कारण हे ताकास तूर लागू देत नाहीत. कोपऱ्यावरच्या घरात एक दाढीवाले राहतात. यांनी त्यांच्या दारात वर्षानुवर्षं टपाल टाकलं. ते समोरून आले, तेव्हा यांनी हसून हात केला. दाढीवाल्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोणी आहे का म्हणून, आणि सरळ निघून गेले. पुढे बेकरीच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनीही तसंच केलं.

"ते गणवेशाला ओळखत होते गं," हे म्हणाले. "मला नाही."

"काहीतरीच तुमचं," मी म्हटलं. पण मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला अख्ख्या वस्तीची नावं तोंडपाठ, त्याचं नाव वस्तीत कोणाला माहीत नव्हतं. त्यानंतर हे दूध आणायलासुद्धा बाहेर पडेनात. खुर्चीत बसून नुसते रस्त्याकडे बघायचे. जेवणही कमी झालं होतं. मला भीती वाटायला लागली होती, ती मी कोणाला सांगितली नाही.

अशात पीटीच्या बाई आल्या. या आमच्या वस्तीतल्या शाळेत मुलांना कवायत शिकवतात. आवाज असा की दुपारी पडलेला माणूस ताडकन उठून बसावा. त्यांनी वस्तीची पहिली धावण्याची शर्यत काढायचं ठरवलं होतं. लहान, मोठे, म्हातारे, ज्याला पळता येईल त्याने पळावं, बाकीच्यांनी चालावं. स्वयंसेवक म्हणून त्या होत्या, औषधांच्या दुकानाचे मालक होते, आणि ज्यांना बाईंना नाही म्हणता आलं नाही असे मोजके लोक. मलाही नाही म्हणता आलं नाही. पळणाऱ्यांच्या छातीवर लावायचे कापडी आकडे माझ्या गळ्यात पडले.

माप सांगता सांगता बाईंचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "काका, तुम्ही पोस्टात होता ना? मग शर्यतीचा रस्ता तुम्हीच आखून द्या की."

मी मशीनवरून मान वर करेपर्यंत हे उठून उभे राहिले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं. त्या दिवशी हे दोनदा भात मागून घेऊन जेवले.

शर्यतीच्या कमिटीच्या सभेत यांनी रस्ता तोंडी सांगितला. इथून तिथे, तिथून त्या गल्लीत, मग पलीकडच्या. भराभर गल्ल्यांची नावं आली की माणसं माना डोलावतात, तशा सगळ्यांनी डोलावल्या. औषधवाले तर मोबाइलवर बोलतच होते. नकाशा यांनीच काढला, तो कोणी न बघताच वाहतूक पोलिसांकडे गेला, शिक्का बसला, आणि शर्यत आठवड्यावर आली तेव्हा एकदा सगळा रस्ता चालून बघायचं ठरलं. मीही गेले. घरात बसून मला चैन पडलं नसतं.

पहिल्या गल्लीत आम्ही डाव्या बाजूने वर गेलो. टोकाला पोचल्यावर हे वळले आणि उजव्या बाजूने खाली यायला लागले.

"काका, पुन्हा खाली कशाला?" बाईंनी विचारलं.

"मग उजव्या बाजूची घरं?"

दुसऱ्या गल्लीतही तेच. तिसरी गल्ली पुढे बंद आहे, तिथे कुत्रंही विनाकारण जात नाही. आम्ही शेवटच्या घरापर्यंत जाऊन परत आलो. मोठ्या इमारतीच्या आवारात शिरलो, मागच्या भिंतीवरच्या टपालपेट्यांना वळसा घातला आणि बाहेर पडलो. थोड्या वेळाने औषधवाले थांबले. चेहरा लाल झाला होता.

"हे माझं दुकान आहे," ते म्हणाले. "आपण इथून तिसऱ्यांदा चाललोय."

"तुमचं दुकान तिठ्यावर आहे," हे शांतपणे म्हणाले. "तीन गल्ल्यांना लागतं."

"आणि मोठा रस्ता? तो सरळ, रुंद, छान रस्ता का नाही घेतला?"

"तिथे कोण राहतं?" यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. यांनी शर्यतीचा रस्ता आखलाच नव्हता. यांनी टपालाची फेरी सांगितली होती. एकही दार न चुकवता. यांना दुसरा रस्ता सुचलाच नव्हता, कारण यांच्या लेखी रस्ता म्हणजे दारं.

मला हसू फुटलं, पण बाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं. शिक्का बसलेला रस्ता आता बदलता येत नव्हता. आणि एवढी वळणं म्हटल्यावर प्रत्येक वळणावर एक माणूस हवा, नाहीतर अर्धे पळणारे कोणाच्या तरी अंगणात जाऊन उभे राहणार. स्वयंसेवक तर मूठभर. औषधवाल्यांनी तिथेच काखा वर केल्या. "शर्यत रद्द करा. घरात बसलेल्या माणसाला काम द्यायचं म्हणून दिलं, त्याचं हे फळ."

ते बोलले हळूच, पण यांना ऐकू गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "चूक माझीच आहे," आणि घराकडे चालू लागले. मी पोचले तेव्हा हे पुन्हा खुर्चीत होते. बाईंनी दोन दिवसांची मुदत घेतली. तेवढ्यात वळणांवर उभी राहायला माणसं मिळाली तर शर्यत, नाहीतर नाही. मला शर्यतीचं काही पडलं नव्हतं. पण शर्यत रद्द झाली, तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे मला दिसत होतं.

"वळणावर माणूस हवा ना?" मी म्हटलं. "प्रत्येक वळणावर कोणाचं तरी दार आहे. जा आणि विचारा."

"काय म्हणून जाऊ? मी कधी कोणाच्या दारात रिकाम्या हाताने गेलेलो नाही."

मी उठले. मशीनवर बसले. आकड्यांचं उरलेलं लाल कापड होतं, त्याचे दंडावर बांधायचे पट्टे शिवायला घेतले. सकाळी बाजाराची पिशवी भरून त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे घ्या. वाटायचेत."

यांनी काय करावं? सगळे पट्टे पलंगावर ओतले आणि गल्लीप्रमाणे, घराप्रमाणे लावायला बसले. सगळे पट्टे एकसारखे, एकाच लाल कापडाचे, कशावरही काही लिहिलेलं नाही. तरी हा पट्टा या घराचा आणि तो त्या घराचा, असे गठ्ठे बांधून क्रमाने पिशवीत भरले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांना टोकावंसं वाटलं नाही.

हे निघाले, आणि पाठोपाठ मीही, अंतर राखून. नवऱ्यावर पाळत ठेवायची वेळ या वयात आली.

पहिलं घर दाढीवाल्यांचं. यांनी घंटा वाजवली. दाढीवाल्यांनी दार किलकिलं केलं, पिशवी पाहिली आणि म्हणाले, "आम्हाला काही घ्यायचं नाही." दार लागलं.

हे तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे वळणार आणि सगळं संपणार. मी रस्ता ओलांडायला निघाले, त्या दाढीला चार शब्द ऐकवायला. पण हे वळले नाहीत. यांनी वाकून टपालाच्या फटीचं झाकण उचललं, एक पट्टा आत सरकवला आणि नेहमीच्या सुरात हाक दिली, "पोऽऽस्ट!"

आतून पावलं धावत आली. दार सताड उघडलं.

"अहो, तुम्ही होय!" दाढीवाले ओरडलेच. "केस कुठे गेले तुमचे?"

"टोपीखाली कधीच नव्हते," हे म्हणाले.

दाढीवाले असे हसले की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुकाट्याने घरी आले. पुढे पाळत ठेवायची गरज नव्हती. गल्लीगल्लीतून ती हाक लांबून ऐकू येत राहिली आणि मी मशीन चालवत राहिले. हे परतले तेव्हा पिशवी रिकामी होती.

शर्यतीच्या सकाळी मी असं दृश्य पाहिलं, की अजून आठवलं तरी हसू येतं. वळणावळणावर लाल पट्टेवाले. कोणी घरच्या कपड्यांतच, कोणी इस्त्रीचा शर्ट घालून. बेकरीच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि हातातल्या लाटण्याने दिशा दाखवत होत्या, त्यामुळे त्यांच्या वळणावर कोणी चुकलं नाही. गल्लीतून वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांसमोरून पळत होते. सगळ्यात पुढचा शेवटच्याला बघत होता, शेवटचा पहिल्याला, आणि दोघांनाही टाळ्या मिळत होत्या. बंद गल्लीतल्या लोकांच्या दारावरून आजवर कधी साधी मिरवणूकही गेली नव्हती. तिथे तर घराघरातली माणसं पायरीवर येऊन उभी होती. दाढीवाले पळणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "डावीकडे! डावीकडे! आमच्या पोस्टमनने आखलाय रस्ता, चुकायचं नाही!"

औषधवाल्यांनी दुकानासमोर पाण्याचे पेले मांडले होते. पळणारे तीनदा आले आणि तीनदा प्यायले. मी तिकडून गेले तेव्हा ते घामाघूम झाले होते. "तुमच्या यजमानांमुळे माझी कंबर मोडली," ते म्हणाले, आणि पुढचा पेला मलाच दिला. मी घेतला. राग तसा उतरला नव्हता, पण पाणी गार होतं.

बक्षिसं वाटायची वेळ झाली तेव्हा हे कुठेच दिसेनात. शेवटच्या पळणाऱ्याच्या मागोमाग जाऊन प्रत्येक वळणावरच्या माणसाला "झालं, आता जा घरी" असं सांगायचं काम यांनी स्वतःहून घेतलं होतं. पीटीच्या बाईंनी त्या आवाजात यांचं नाव दोनदा पुकारलं. आमचे हे नाहीत. टाळ्या वाजल्या, लोक पांगले, मंडप उतरवायला सुरुवात झाली, तरी नाहीत.  मी शोधायला निघाले.

दाढीवाले म्हणाले, आमच्याकडून तर केव्हाच गेले. बेकरीच्या बाई म्हणाल्या, आत्ताच तर गेले. अशी विचारत विचारत मी बंद गल्लीच्या टोकाला पोचले. शेवटचं घर सायकल दुरुस्तीवाल्यांचं. मी कडी वाजवली. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

मी उत्तर द्यायच्या आधीच आतून आवाज आला, "अगं, बाहेर काय उभी राहिलीस? आत ये."

आमचे हे आतल्या खोलीत, टेबलाशी बसले होते. पाय गरम पाण्याच्या बादलीत आणि समोर चहा. 

"या दाराला आधी निळा रंग होता, मग हिरवा, मग हा," हे मला म्हणाले. "मला सगळे माहीत. पण यांच्या मागच्या खिडकीतून नदी दिसते, हे आज कळलं."

सायकलवाल्यांची बायको ओशाळली. "काका इतकी वर्षं रोज यायचे हो. पण आत या म्हणायचं आम्हाला कधी सुचलंच नाही."

"म्हटलं असतं तरी आलो नसतो," हे म्हणाले. "पुढची दारं असायची ना, घाई असायची." मग यांनी कप त्यांच्यापुढे धरला. "आता काही घाई नाही. अजून थोडा असेल तर द्या."