पाइपच्या खड्ड्यात निघालेली हाडं

पोलाद कारखान्याच्या आमच्या क्वार्टरमागे नळाच्या पाइपसाठी खणताना मूठभर हाडं निघाली. बारीक, लहान. त्या वर्षी मी एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकत होते. बकरीच्या पिल्लांची हाडं वाढताना त्यांचा पृष्ठभाग कसा बदलत जातो, हाच माझ्या अभ्यासाचा विषय. आई असलं काही घरात आणू देत नसे. पण त्या दिवशी तीच धावत आली.

"चाल लवकर. लोकं काहीबाही बोलून राहिले."

काहीबाही म्हणजे शेजारच्या वहिनींबद्दल. त्या भंडाऱ्याकडच्या, नवरा प्लांटमध्ये फिटर. उन्हाळ्यात बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि एकट्याच परतल्या. बाळ जन्मताच गेलं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आता खड्ड्याभोवती कुजबुज चालली होती, की बाळ इथंच पुरलं. एक काका हाड पुढे करत म्हणाले, "पाह्य, कसे छेद पडले. तेजाब टाकलं असन."

मी हाड हातात घेतलं. टोकांजवळ ते खरखरीत होतं, बारीक छिद्रांनी भरलेलं.

"काका, हे तेजाबानं नाही झालं. वाढतं हाड असंच असते. त्या छिद्रांतून रक्त जाते, वर नवीन थर चढतात. जनावर मोठं झालं का गुळगुळीत होते. अन् हे खुरावरचं हाड पाहा. मधात खाच आहे, दोन हाडं जुळून एक झाली. माणसाच्या लेकराचं असं नसते. बकरीचं पिल्लू आहे हे."

लोक पांगले. वहिनींच्या दारावर मात्र माफी मागायला कोणी गेलं नाही.

संध्याकाळी त्याच आमच्याकडे आल्या. "ते हाड दाखव मले."

मी दिलं. खरखरीत टोकावरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

"लेकराचंबी असंच रायते का?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "हो वहिनी. वाढत असते तोवर."

"माह्यं तर वाढलंच नाही वं," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून मोठ्याने रडू लागल्या. माहेराहून आल्यापासून त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं. आईने त्यांना जवळ घेतलं.

दिवाळीआधी त्यांच्या नवऱ्याने प्लांटच्याच खाणीवर, नंदिनी नगरला बदली मागून घेतली. ट्रकवर सामान चढत होतं तेव्हा गल्लीतली दारं बंदच होती. आई तेवढी पोळीभाजीचा डबा घेऊन गेली. वहिनींनी तो घेतला, पण मान वर केली नाही.