अँटेना कूलरच्या वर

अकोल्यात मे महिन्यात काहीही बिघडलं की दोष उन्हावर जातो. दूध नासलं, ऊन. घड्याळ मागे पडलं, ऊन. दोन शेजारणींचं बोलणं बंद झालं, तेही ऊनच. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरचं वायफाय मान टाकायला लागलं तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. पुण्याच्या साहेबांनाही वाटलं नाही. त्यांच्या मते अकोल्यात नेट असणं हेच मुळात नवल होतं.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दवाखान्यातल्या लोकांना आमचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते व्हिडिओवरून शिकवते. घरून काम सुरू झालं तेव्हा मी अकोल्याला आले आणि परत गेलेच नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी. मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं, सलाईन लावावी लागली. तेव्हाच मी ठरवलं की हिला सोडून कुठेही जायचं नाही. हे ठरवताना मी कुणाला विचारलं नाही, आईलासुद्धा नाही.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडे एक खोली, मधे छोटं अंगण आणि अंगणापलीकडे मागची खोली. नेटचा राउटर पुढच्या खोलीत, माझा कॉम्प्युटर मागच्या, रस्त्याचा आवाज नको म्हणून दिवाळीपासून तिथे हलवलेला. मधून वायर टाकून पाहिली होती. ती वानरांनी आठवड्याच्या आत तोडली आणि वरून छपराच्या कवेलूंवर बसून आमच्याकडे पाहत राहिली. म्हणून वायफाय. कॉम्प्युटरच्या डब्याला मागून अँटेनाच्या दोन काळ्या दांड्या होत्या. हिवाळाभर तेवढ्यावर छान चाललं.

उन्हाळा लागला तसं ते अडखळायला लागलं आणि मे महिन्यात तर समोरचा माणूस बोलता बोलता थिजायचा, तोंड उघडं ठेवून. मी थिजले की माझंही तसंच दिसत असणार. एकदा एका मोठ्या दवाखान्याच्या अख्ख्या ऑफिससमोर मी दोनदा गायब झाले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. फार गोड बोलतात ते.

"तुमचा दोष नाही हो. तिकडे रेंजचाच प्रश्न असतो ना. पुढच्या शुक्रवारी याच दवाखान्याची उरलेली मीटिंग आहे. तीही तुटली तर मात्र जूनपासून तुम्हाला पुण्यात यावं लागेल. तुमच्याच भल्यासाठी."

माझं भलं कशात आहे हे बाकी सगळ्यांना बरोबर कळतं.

फोन ठेवला तर आई समोर उभी. "काय म्हने तो?"

"पुण्याला ये म्हणतात. नेट चालत नाही म्हणून."

"मंग जाय ना. मी काय लहान हाव? माह्यासाठी नको थांबू."

"मी जाणार नाही."

"आयकत त नाईच कोनाचं," आई म्हणाली. पण मग तिने दिलेल्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त पडली होती, त्यावरून तिला बरं वाटलं होतं ते मला कळलं.

नेटवाला येऊन राउटर बदलून गेला. "म्याडम, उनायात समदीकडे असंच हाय," असं म्हणून पाणी पिऊन गेला. त्यानेही दोष उन्हालाच दिला. मीही पुण्यात शिकून आलेली असून दोन दिवस तेच धरून बसले होते.

मग कूलरच्या जाळ्यांमधलं गवत बदलायचा दिवस आला. आमच्याकडे होळी झाली की कूलर निघतो आणि खिडकीत बसतो. आमचा म्हणजे जुन्या पत्र्याचा, लोखंडी स्टँडवरचा, हौदभर पाणी पिणारा. तो अंगणात उभा राहून मागच्या खोलीच्या खिडकीतून आत वारा फेकतो. गवत कुजका वास मारायला लागलं होतं म्हणून त्या सकाळी आईने तो ओढून अंगणाच्या कोपऱ्यात नेला आणि पाइपाने धुवायला घेतला. त्याच वेळी माझी मीटिंग होती. ती शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाही.

मी उठून खिडकीशी गेले. उघड्या गजांतून समोर पुढच्या खोलीचा दरवाजा दिसत होता आणि आत राउटरचे दिवे. मला एकदम स्वतःच्या डोक्यात एक ठेवून द्यावीशी वाटली. सिग्नल आजवर याच खिडकीतून येत होता. आणि होळीनंतर आम्ही त्याच्या वाटेत पत्र्याची पेटी उभी केली होती, वर पाण्याने भरून, मे महिन्यात तर काठोकाठ. पत्रा सिग्नल अडवतो, पाणी तो पिऊन टाकतं. बाजूची भिंत दीड विटेची, तिच्याकडून काय आशा. त्यात माझा कॉम्प्युटर टेबलाखाली, अँटेनाच्या दांड्या मागच्या भिंतीला टेकलेल्या. ऊन बिचारं फुकट शिव्या खात होतं.

आईला सांगितलं तेव्हा तिने हातातला पाइपच खाली टाकला.

"मंग राहू दे हा कोपऱ्यातच. मले नाई लागत कूलर. मी पंख्याखाली पडून राहीन."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. "तुला सलाईनवर पाहायला मी इथे थांबले का? कूलर इथेच बसेल आणि मीही इथेच बसेन. हलायचं असेल तर अँटेनाने हलावं."

लांब वायरीवरचा अँटेना अकोल्यात चार दुकानांत विचारला, मिळाला नाही. पाचव्या दुकानदाराने अमरावतीचं एक दुकान सांगितलं. बसने गेले, तोंडाला ओढणी बांधून, आणि घेऊन आले. छोटा चौकोनी पाया, त्यावर दोन दांड्या, खाली चार हात लांब वायरी. आता प्रश्न जागेचा. टेबलावर ठेवला, कूलर आडवा. लोखंडी आलमारीवर ठेवला, तिथे तर टेबलाखाली होता त्याहून वाईट. खोलीत तिसरी जागा सुचेना.

"वर झरोका हाय ना," आई म्हणाली.

खिडकीच्या वर हातभर रुंद झरोका आहे, चिमण्यांनी अर्धा बळकावलेला. कूलरचं डोकं तिथपर्यंत पोचत नाही. वायर पुरावी म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा उचलून टेबलावर ठेवला, टेबल खिडकीकडे सरकवलं आणि स्टुलावर चढले. आईने स्टूल धरलं आणि मास्तरीणबाईंच्या आवाजात सूचना द्यायला लागली. एक दांडी उभी केली, एक जराशी कलती. खाली उतरून पाहिलं तर सिग्नल पूर्ण. कूलर भरलेला, चालू, खोली गार.

शुक्रवारी भर दुपारी मीटिंग झाली, या वेळी साहेबही येऊन बसले होते. मागे आई झोपली होती, कूलर घोंघावत होता. मी निम्म्यावर आले असताना साहेब मधेच म्हणाले, "तो आवाज कसला येतोय? बंद करता येईल का?"

"नाही," मी म्हटलं. "अकोल्यात मे महिना आहे. तर आता पुढचं पान उघडा."

दवाखान्यातलं कुणीतरी हसलं. बाकी सगळ्यांनी पान उघडलं. मीटिंग पूर्ण झाली, एकदाही न तुटता.

इतर लोक गेल्यावर साहेब थांबले. "छान झालं. पण आज चाललं म्हणून रोज चालेल असं नाही. जूनमध्ये या तुम्ही पुण्याला. टीमसोबत बसलात की बरं असतं."

म्हणजे प्रश्न नेटचा नव्हताच.

"सर, तुम्ही नेट तुटतं म्हणून बोलावत होता. ते आता तुटत नाही. माझी आई इथे आहे. मी इथूनच काम करणार. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

पलीकडे काहीच ऐकू येईना. साहेबांचा चेहरा पडद्यावर जागच्या जागी. सवयीने माझी नजर खाली कोपऱ्यात गेली. सिग्नल पूर्ण होता. तुटलं काहीच नव्हतं, साहेबच गप्प झाले होते.