बिनचिलखती

रहाटणीत एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही काही जण रविवारी युद्धाचा खेळ खेळतो. टेबलावर भविष्यातलं शहर मांडायचं आणि बोटाएवढे रंगवलेले सैनिक फाशांच्या दानावर लढवायचे. आम्हा सगळ्यांना जाडजूड चिलखती सूट घातलेले सैनिक आवडतात. आमच्यातल्या एकाला नाही. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत फायरमन आहे. साधे, बिनचिलखती सैनिक घेऊन बसतो आणि बहुतेक वेळा हरतो. आमचा एखादा सूटवाला उचलून, त्याचे गुडघे अंगठ्याने चाचपत विचारतो, "ह्यो पडला तर उठणार कसा, राव?" आम्ही हसायचो.

एकदा मी माझी चिलखती तुकडी बोगद्यात घातली.

"न्हाई जाणार. अडकत्याल," तो म्हणाला.

"नियमात बसतं," मी म्हणालो.

"आमचं बी नियमात बसत हुतं." त्याने माझ्या तुकडीतला सगळ्यात पुढचा सैनिक हातात घेतला. "कंपनीच्या पेंट शॉपला आग लागली तवा जोडीदार माझ्या पुढं हुता. अंगात जाड सूट, पाठीवर सिलिंडर. दोन मशिनींच्या मधी अडकला. वाकता येईना, वळता येईना. मी पाय धरून वढत हुतो. बाहेर काढला तवा सूटला कायबी झालं नव्हतं. आत त्यो मात्र गरमीनं गेला हुता."

 चाल मागे घ्यायला मी हात पुढे केला, तो त्याने अडवला आणि हातातला सैनिक परत बोगद्यात ठेवला.

"राहू दे, खेळच हाय." मग खाली बघत म्हणाला, "त्यो सूट धुऊन घेतला. माझ्या मापाचा निघाला. आता मीच घालतो."